विमान दुरुस्त होतं परदेशात, मग त्यावर नजर कोणाची?

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर विमानाकडे चालत जायची वेळ आली, तर चढण्याआधी मागच्या बाजूला जरा बघा. शेपटीच्या अलीकडे पाच अक्षरं रंगवलेली असतात आणि त्यांची सुरुवात ‘व्हीटी’ने होते. याचा अर्थ हे विमान भारताच्या नोंदवहीत आहे. १९४४ साली शिकागोला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात एक तत्त्व ठरलं, ते आजही कायम आहे. विमान ज्या देशाच्या नोंदवहीत असेल, ते उडण्यालायक आहे की नाही याचं उत्तर त्या देशाने द्यायचं. मग ते बोईंगने अमेरिकेत बनवलेलं असो, त्याची मालकी आयर्लंडमधल्या भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे असो, नाहीतर त्याचं पोट सिंगापूरच्या हँगरमध्ये उघडलेलं असो. आपल्याकडे हे उत्तर देणारं खातं म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

हा विषय घराघरांत पोचला तो जून २०२५ मध्ये, अहमदाबादच्या अपघातानंतर. दोन दिवस होतात न होतात तोच मोबाइलवर फिरायला लागलं की पडलेल्या बोईंग ७८७ ड्रीमलायनरची देखभाल तुर्कस्तानातल्या कंपनीकडे होती. त्याआधी महिनाभर सरकारने सेलेबी या विमानतळावर काम करणाऱ्या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतलेली, त्यामुळे लोकांना ते लगेच पटलंही. तुर्कस्तान सरकारने खुलासा केला की टर्किश टेक्निककडे एअर इंडियाच्या बोईंग ७७७ विमानांचं काम होतं, ७८७चं नव्हतं. पडलेलं विमान ७८७. विषय तिथे मिटायला हवा होता. पण अफवा खोटी असली तरी तिच्या आडून आलेला प्रश्न खोटा नव्हता. आपण ज्यात बसतो त्या विमानाचे नटबोल्ट परक्या मुलखात, आपल्या नजरेआड कोणीतरी आवळतो, तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? आणि ते लक्ष खरोखर ठेवलं जातं की नुसतं कागदावर?

मी नोकरीची सगळी वर्षं इंदूरजवळ पीथमपूरला काढली, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. विमानाशी माझा संबंध तिकिटापुरता. पण दुसऱ्याच्या छताखाली तयार झालेल्या मालाची जबाबदारी आपल्या सहीवर घेणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हा विषय वाचत गेलो.

परदेशात नेमकं काय जातं

सगळी देखभाल बाहेर जात नाही, हे आधी सांगायला हवं. रोजची तपासणी, टायर, ब्रेक, तेल, पायलटने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, लिहिलेल्या तक्रारी, हे विमान जिथे मुक्कामाला असतं तिथेच होतं, बहुधा रात्री. थोडं मोठं असतं ते ए-चेक, तेही इथेच उरकतं. सी-चेक साधारण दीड-दोन वर्षांनी येतं. तेव्हा विमान काही आठवडे हँगरमध्ये उभं राहतं, आतल्या खुर्च्या, फरशा, पॅनेलं निघतात आणि सांगाडा दिसायला लागतो. त्याहून मोठी तपासणी सहा ते बारा वर्षांतून एकदा. आणि इंजिनांचा कारभार वेगळाच. इंजिन पंखाखालून उतरवून खोक्यात घालून त्याच्या खास वर्कशॉपला पाठवतात. परदेशात जातं ते मुख्यतः हे जड काम आणि इंजिनं.

माझी पुतणी पुण्याला असते. तिने फोनवर सरळ विचारलं, “काका, एवढी विमानं आहेत आपल्याकडे, मग इथेच का नाही करत?” कारण नेहमीचंच, पैसा. कित्येक वर्षं इथल्या दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी होता. त्या भावात विमान रिकामं उडवत कोलंबोला किंवा सिंगापूरला नेऊन, तिथे काम करून परत आणणं परवडायचं. एप्रिल २०२० पासून कर ५ टक्क्यांवर आला आणि जुलै २०२४ मध्ये सुट्या भागांच्या आयातीवरही सरसकट ५ टक्के झाला, तेव्हा कुठे हिशेब बदलायला लागला.

दुसरं कारण भाड्याचं. आपल्याकडची बहुतेक विमानं भाडेपट्ट्यावर आहेत. मालक कंपनीला उद्या ते विमान युरोपात किंवा ब्राझीलमध्ये कोणाला तरी द्यायचं असतं, म्हणून ती आग्रह धरते की मोठं काम युरोपच्या ईएएसए किंवा अमेरिकेच्या एफएए या नियामकांनी मान्य केलेल्या वर्कशॉपमध्येच व्हावं. अशी मान्यता असलेले हँगर आपल्याकडे आहेत, पण विमानं ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ते वाढले नाहीत. इंजिनांच्या बाबतीत तर निवडीला फारसा वावच नसतो. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीतला दोष निघाला, तेव्हा जगभरच्या वर्कशॉपांपुढे रांगा लागल्या आणि एकट्या इंडिगोची सत्तरच्या घरात विमानं जमिनीवर बसली. अशा वेळी ‘इथेच करू’ असं म्हणून भागत नाही.

आता एक अपवाद, कारण तो माहीत नसला तर व्हीटीचा नियम अर्धवट राहतो. कधी कधी कंपनी विमान पायलट आणि देखभालीसकट भाड्याने घेते. इंडिगोने इस्तंबूलच्या फेऱ्यांसाठी टर्किश एअरलाइन्सची दोन ७७७ अशी घेतली होती. तिकीट इंडिगोचं, पण विमानावरची अक्षरं तुर्कस्तानची, त्यामुळे त्यांच्या उडण्यालायकीची जबाबदारी तुर्कस्तानच्या नियामकाकडे. डीजीसीएने मे २०२५ मध्ये या व्यवस्थेला ‘शेवटची’ तीन महिन्यांची मुदत दिली, आणि ती संपत आली तेव्हा आणखी सहा महिने वाढवली. सरकारी ‘शेवटची’ म्हणजे काय, ते इंदूरकरांना सांगायची गरज नाही.

एक पत्रा आणि त्यावरच्या सह्या

लांब राहून ‘ऑडिट’, ‘मान्यता’ असे शब्द ऐकले की काही बोध होत नाही, म्हणून थेट हँगरमध्ये जाऊ. समजा, आपल्या कंपनीचं एअरबस ए-३२० परदेशात सी-चेकला लागलंय. काय काय तपासायचं ते वर्कशॉप ठरवत नाही. ती यादी विमान कंपनीची असते आणि त्यामागचा देखभाल कार्यक्रम डीजीसीएने मंजूर केलेला असतो. वर्कशॉपच्या हाती पडतात ती टास्क कार्डं, शेकड्यांनी.

एक कार्ड सांगतं, मागच्या टॉयलेटखालची फरशी उघडा आणि खालचा सांगाडा बघा. टॉयलेट आणि स्वयंपाकाच्या जागेखाली ओल झिरपते आणि गंज धरतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मेकॅनिक टॉर्च आणि आरसा घेऊन आडवा होतो. गंज सापडतो. आता हे मूळ यादीत नव्हतं, म्हणून वेगळं कार्ड निघतं. त्याला म्हणतात नॉन-रूटीन. गंज घासून काढायचा, मग पत्र्याची जाडी किती उरली ते मोजायचं. निर्मात्याच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये त्या जागेची मर्यादा छापलेली असते. मर्यादेत असेल तर साफ करून, प्राइमर मारून पुढे जायचं. त्याबाहेर गेलं तर जोडपत्रा ठोकावा लागतो. आणि त्या जागेचा उपाय मॅन्युअलमध्येच नसेल तर प्रश्न एअरबसकडे जातो आणि उत्तर येईपर्यंत विमान हँगर अडवून बसतं. विमान कंपनीचा इथला व्यवस्थापक तेव्हा फोनवर फोन करत असतो, कारण ते विमान अमुक तारखेपासून वेळापत्रकात धरलेलं असतं. चूक व्हायला सगळ्यात पोषक हवा असते ती याच दिवसांत.

जोडपत्रा बसवला तर रिवेट कोणत्या लॉटचे, त्यांचं प्रमाणपत्र कुठे, जो टॉर्क रेंच, म्हणजे नेमक्या जोराने आवळायचा पाना, वापरला त्याचा क्रमांक काय आणि त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत कधीपर्यंत, हे सगळं कार्डावर येतं. करणाऱ्याचा शिक्का वेगळा, तपासणाऱ्याचा वेगळा. आणि सगळ्यात शेवटी ‘रिलीज टू सर्व्हिस’चं प्रमाणपत्र. ज्याला तो अधिकार दिलेला आहे असा एक माणूस त्यावर सही करतो, आणि त्या सहीशिवाय विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही.

ती सही ज्या वर्कशॉपच्या नावाने होते, त्या वर्कशॉपला डीजीसीएची मान्यता लागते. नियमाचं नाव सीएआर-१४५. परदेशी वर्कशॉपलाही तो लागू आहे. अर्ज करायचा, आपल्या कामाची नियमपुस्तिका द्यायची, तपासणीला सामोरं जायचं, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं. तपासणीत कमतरता सापडली की तिला ‘फाइंडिंग’ म्हणतात. पहिल्या पातळीची म्हणजे थेट सुरक्षेला धोका, तिथे लगेच पाऊल उचलावं लागतं. दुसऱ्या पातळीची म्हणजे धोका संभवतो, सुधारायला मुदत मिळते.

आणि विमान परत आलं की काम संपत नाही. विमान कंपनीच्या आत एक विभाग असतो, कॅमो म्हणतात त्याला. विमान सतत उडण्यालायक ठेवण्याचा सगळा हिशेब त्याच्याकडे. परदेशातून आलेला तो कागदांचा गठ्ठा वाचून, सांगितलेली सगळी कामं झाली का, पुढे ढकललेली कोणती, याची खात्री त्याने करायची. माझ्या मते सगळ्या साखळीत सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित कडी हीच आहे.

खूप डोळे, एकच नजर

एका परदेशी हँगरवर किती जणांचं लक्ष असतं ते मोजून बघा. त्या देशाचा नियामक. डीजीसीए. युरोपचा ईएएसए आणि अमेरिकेचा एफएए, कारण वर्कशॉपला त्यांचीही मान्यता हवी असते. विमान कंपनीचं स्वतःचं क्वालिटी ऑडिट. भाड्याने देणाऱ्या मालकाचा प्रतिनिधी. ऐकायला भक्कम वाटतं.

पीथमपूरला आमच्याकडेही मोठ्या वाहन कंपन्यांची ऑडिट व्हायची. तारीख आधी कळायची. आठवडाभर आधी जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जायचे, मुदत संपलेली गेज कपाटात जायची आणि बोलक्या ऑपरेटरला त्या दिवशी सुट्टी मिळायची. आलेला माणूस प्रामाणिक असायचा, हुशारही असायचा. पण तो बघायचा ते आम्ही त्याच्यासाठी मांडून ठेवलेलं. त्याहून वाईट म्हणजे, तो अर्ध्या गोष्टी आधीच्या कंपनीच्या ऑडिटचा रिपोर्ट पाहून ‘ओके’ करायचा. त्या आधीच्याने त्याच्या आधीच्याचा पाहिलेला असायचा.

विमानांच्या दुनियेत हाच धोका जास्त मोठा आहे. एकमेकांच्या मान्यतेवर विसंबायची पद्धत तिथे अधिकृत आहे. अमेरिका आणि युरोपमध्ये २०११ पासून तसा करार लागू आहे, म्हणजे फ्रान्समधल्या वर्कशॉपवर फ्रेंच नियामकच एफएएच्या वतीनेही नजर ठेवतो. यात गैर काही नाही. प्रत्येक देशाने प्रत्येक हँगरला माणसं पाठवली तर निरीक्षकांचं आयुष्य विमानातच जाईल. पण अशा व्यवस्थेत एका डोळ्याला मोतीबिंदू झाला तर बाकीच्यांना ते कळत नाही, कारण ते त्याच्याच डोळ्याने पाहत असतात.

न सांगता जाऊन धडकणं हा त्यावरचा उपाय, पण परदेशात तो बोलायला सोपा. निरीक्षकाला व्हिसा काढावा लागतो, यजमान देशाला कळवावं लागतं, आणि तोवर हँगरमध्ये पट्टे रंगवून वाळलेले असतात. अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं वाद झाला, कारण तिथल्या कंपन्याही जड काम एल साल्वादोर, चीन, सिंगापूर अशा ठिकाणी पाठवतात. शेवटी २०२४च्या कायद्यात एफएएने परदेशी वर्कशॉपची वर्षातून निदान एकदा पूर्वसूचना न देता तपासणी करावी अशी तरतूद आली. नशापाण्याच्या चाचणीचं उदाहरण आणखी बोलकं. अमेरिकेतल्या मेकॅनिकला ही चाचणी कधीपासून सक्तीची, पण परदेशातल्या माणसाला नव्हती. ती लावा असं तिथल्या संसदेने २०१२ साली सांगितलं. नियम प्रत्यक्षात निघाला डिसेंबर २०२४ मध्ये, आणि वर्कशॉपांना वर तीन वर्षांची सवलत. बारा वर्षं का लागली? कारण दुसऱ्या देशातल्या नागरिकाच्या लघवीचा नमुना घ्यायचा तर त्या देशाचे कायदे आडवे येतात. नियामकाचा हात त्याच्या देशाच्या सीमेपर्यंतच पोचतो, हे इतकं लख्ख दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पण परदेश म्हणजे वाईट, असं आहे का?

इथे माझं मत बहुतेकांच्या विरुद्ध जातं. इतिहासातले मोठे अपघात पाहिले तर नकाशा फारसं काही सांगत नाही.

१९७८ साली जपान एअरलाइन्सच्या एका बोईंग ७४७ची शेपटी ओसाकाच्या धावपट्टीला घासली. मागच्या बाजूला हवेचा दाब अडवणारा घुमटासारखा पडदा असतो, तो खराब झाला. दुरुस्ती केली खुद्द बोईंगच्या पथकाने. ज्याने विमान बनवलं त्यानेच, याहून वरचा अधिकार कुठला? त्यांनी जोडपट्टी अखंड बसवायच्या ऐवजी दोन तुकड्यांत कापून बसवली. त्यामुळे जिथे रिवेटच्या दोन ओळींनी भार पेलायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. सात वर्षं ते विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला पडदा फुटला, शेपटीचा मोठा भाग आणि नियंत्रणाच्या नळ्या गेल्या, आणि ५२० माणसं मेली. एकाच विमानाच्या अपघातात यापेक्षा जास्त बळी आजवर गेलेले नाहीत.

आता दुसरं टोक. १९८० साली हाँगकाँगला तैवानच्या चायना एअरलाइन्सच्या ७४७ची शेपटी अशीच घासली. पक्की दुरुस्ती घरच्याच माणसांनी केली. खरवडलेला पत्रा कापून काढायचा, तो तसाच ठेवून त्यावर दुसरा चढवला, आणि चढवलेला पत्रा पुरेसा मोठाही नव्हता. वरून सगळं गुळगुळीत. आत चरे वाढत राहिले. २५ मे २००२ ला तैपेईहून हाँगकाँगला जाताना विमान हवेतच फुटलं, २२५ बळी. मध्ये बावीस वर्षं गेली होती.

एक दुरुस्ती परदेशी निर्मात्याची, एक घरची. दोन्हीकडे काम मॅन्युअलप्रमाणे झालं नाही आणि दोन्हीकडे नंतर ते कोणाच्या नजरेला पडलं नाही. मला भीती वाटते ती अंतराची नाही. काम करणारा, सही करणारा आणि त्या सहीची शहानिशा करणारा यांच्यात किती हात बदलतात, त्याची वाटते.

हे नीट समजायचं असेल तर एका लहान विमानाची गोष्ट बघावी. जानेवारी २००३, अमेरिका, शार्लट शहर. एअर मिडवेस्टचं एकोणीस आसनी बीचक्राफ्ट उडालं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. २१ जण गेले. दोन रात्री आधी दुसऱ्या गावी त्याच्या शेपटीतल्या तारांचा ताण जुळवला होता. नाक खाली आणण्याइतकी त्या तारांची हालचालच उरली नव्हती. विमान कंपनीने काम दिलं होतं एका कंत्राटदाराला, त्याने मेकॅनिक आणले होते तिसऱ्या कंपनीकडून. ज्याने तारा जुळवल्या त्याने त्या प्रकारच्या विमानावर हे काम आधी कधी केलं नव्हतं. कार्डावरच्या काही पायऱ्या त्याने गाळल्या, आणि चूक उघडी पडली असती ती पायरी त्यांतच होती. त्याला शिकवणारा आणि त्याचं काम तपासून शिक्का मारणारा माणूस एकच होता. विमानात वजन जास्त होतं हेही एक कारण निघालं, आणि त्याआधीच्या काही उड्डाणांत निभावून गेलं होतं ते बहुधा तेव्हा वजन कमी होतं म्हणूनच. परदेशाचा इथे काही संबंध नाही. सगळं अमेरिकेत, अमेरिकन माणसांकडून, एफएएच्या अंगणात. तपासात विमान कंपनीची आणि एफएएची त्या तळावरची देखरेख, दोन्ही तोकड्या ठरल्या.

म्हणून परदेशी दुरुस्तीचा खरा प्रश्न मला असा दिसतो. अंतर वाढलं की हात बदलण्याच्या जागा वाढतात. भाषा बदलते, कामाची पाळी बदलते, कंत्राटी मेकॅनिक येतात-जातात. हे सगळं देशातही होतं, फक्त परदेशात ते आपल्याला उशिरा कळतं.

कागदालाही पाय फुटतात. २०२३ मध्ये पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या इंजिन वर्कशॉपमधल्या लोकांना एका छोट्या भागाचं प्रमाणपत्र खटकलं. त्यांनी ते इंजिनं बनवणाऱ्या फ्रान्सच्या सॅफ्रानला दाखवलं, तेव्हा उत्तर आलं, ही सही आमची नाही. लंडनची एओजी टेक्निक्स नावाची एक कंपनी खोट्या कागदांवर सुटे भाग विकत होती, तेही सीएफएम-५६ या जगात सगळ्यात जास्त चालणाऱ्या इंजिनांसाठी. शंभरावर इंजिनांत ते पोचले होते. ब्रिटनच्या गंभीर फसवणूक खात्याने मग चौकशी लावली. लक्षात घ्या, हे ना कोणा नियामकाच्या ऑडिटमध्ये सापडलं, ना कोणा मालकाच्या प्रतिनिधीला. सापडलं ते कागद खरोखर वाचणाऱ्या वर्कशॉपमधल्या माणसांना.

मग काय केलं तर फरक पडतो

चांगल्या विमान कंपन्या जड काम बाहेर देतात तेव्हा विमानाबरोबर आपले इंजिनिअरही पाठवतात. ते काम करत नाहीत, हँगरमध्ये फिरतात. उघडलेलं पॅनेल बंद व्हायच्या आत आत डोकावतात, नॉन-रूटीन कार्ड रोज वाचतात, ‘हे पुढच्या चेकला बघू’ म्हणून ढकललेल्या कामावर भांडतात. यांचा मुक्काम आणि भत्ता हा खर्च आहे, आणि खर्च कापायची वेळ आली की कोणत्याही कंपनीत आधी अशाच खर्चावर कात्री लागते. ऑडिट वर्षातून काही दिवस होतं, हा माणूस रोज तिथे असतो. नियामकाने काही पाहायचं असेल तर आधी हे पाहावं, की कंपनीने किती माणसं पाठवली, ती कोणाला रिपोर्ट करतात, आणि त्यांच्या ‘नाही’ला किंमत आहे का.

दुसरी गोष्ट, परत आल्यावर विमान काय सांगतं. सी-चेकहून आल्यावर तीच तक्रार टेक लॉगमध्ये पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर तिकडे झालेल्या कामाबद्दल यापेक्षा खरा रिपोर्ट दुसरा नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादनंतर डीजीसीएने दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे पथकं पाठवली. त्यांना हेच सापडलं. दुरुस्त झाल्या म्हणून लिहिलेल्या तक्रारी पुन्हा उद्भवत होत्या, विमानाच्या यंत्रणेने नोंदवलेले दोष टेक लॉगमध्ये चढवलेले नव्हते, कामाच्या सूचना जशाच्या तशा पाळल्या जात नव्हत्या. एक विमान तर टायर झिजले म्हणून रोखून धरलं. हे सगळं आपल्या राजधानीत, आपल्या नाकाखाली. अवेळी गेलेला निरीक्षक काय काय पाहू शकतो, त्याचा हा नमुना.

त्यासाठी निरीक्षक हवेत. २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीपुढे आलं की डीजीसीएतली मंजूर पदं हजाराच्या वर, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास रिकामी. हा आजार जुना आहे. जानेवारी २०१४ मध्ये एफएएने भारताची हवाई सुरक्षेची श्रेणी उतरवली, त्यात प्रशिक्षित निरीक्षकांची कमतरता हे मोठं कारण होतं. उतरवलेल्या श्रेणीमुळे आपल्या कंपन्यांना अमेरिकेच्या नव्या फेऱ्या सुरू करता येईनात. मग घाईने भरती झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. आयकाओ या जागतिक विमान वाहतूक संघटनेच्या २०२२च्या तपासणीत तर भारताला ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळाले, हे मान्य करायलाच हवं. पण तो गुण एकूण व्यवस्थेचा असतो, एकेका हँगरच्या तपासणीचा नाही. रिकाम्या खुर्चीला ऑडिटसाठी कोलंबोला पाठवता येत नाही. शिवाय अनुभवी इंजिनिअरला विमान कंपनी जो पगार देते, तो सरकारी निरीक्षकाला मिळत नाही. ही ओढाताण अमेरिकेतही आहे, पण म्हणून आपण स्वस्थ बसावं असं नाही.

आता काम परतायला लागलंय. नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने बांधून दिलेला हँगर आहे, इंदूरहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. हैदराबादला जीएमआर कंपनीचा मोठा हँगर आहे आणि सॅफ्रानने लीप इंजिनांचं वर्कशॉप तिथेच उभारलंय. इंदुरात एरोड्रोम रोडवर राहणाऱ्या एका ओळखीच्यांचा मुलगा एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स करतोय. त्याच्या वडिलांचं म्हणणं, आता सगळं भारतात होणार, म्हणजे काळजी मिटली. मला तसं वाटत नाही. हात बदलायच्या जागा थोड्या कमी होतील, भाषा एक होईल, निरीक्षकाला व्हिसा लागणार नाही, हे फायदे खरे आहेत. पण सही आणि तिची शहानिशा यांच्यातलं अंतर हँगर नागपूरला आणून आपोआप मिटत नाही.

आणि हैदराबादच्या हँगरला एफएएची आणि ईएएसएची मान्यता आहे, म्हणजे परदेशी नोंदवहीतली विमानंही तिथे लागू शकतात. त्यांच्या प्रवाशांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपण. अमेरिकेतल्या मेकॅनिकांच्या संघटना वर्षानुवर्षं ओरड करतात, की बाहेरच्या वर्कशॉपमध्ये सही करणाऱ्याकडे अमेरिकन लायसन असायची अट नाही, तिथली तपासणी सांगून होते, तिथे काम स्वस्त म्हणून कच्चं. वाचताना आपल्याला टोचतं, कारण त्यांच्या यादीत आपणही असतो. त्यांच्या निरीक्षकाने हैदराबादला येऊन नॉन-रूटीन कार्डं उलटावीत, टॉर्क रेंचवरची तारीख बघावी, हे त्यांचं कामच आहे. त्याने न सांगता यावं, अशी त्यांची अपेक्षा. आता त्यालाही व्हिसा लागतो, आणि तो द्यायचा की ताटकळत ठेवायचा हे दिल्लीत ठरतं.